जानकीबाईंचा गडगा

मुलुंड, १७ जानेवारी १९५५

ती. माईआत्यास,
वसुधाचा साष्टांग नमस्कार.

तिळगूळ पोस्टाने धाडलाय. पोचेपर्यंत त्याचा भुगा होणार, पण भुगा खाऊनही गोडच बोल. लाडू मी वळलेले नाहीत हो. यंदा पाकाला बसले आणि गुळाच्या वासानेच मला नको झालं, म्हणून सासूबाईंनी वळले. माझी पत्रं म्हणजे तारा असतात अशी तुझी तक्रार आहे ना? मग आज घे लांबलचक. आमच्या गल्लीत एक कोडं पडलंय आणि तुझ्याइतकं चौकस डोकं मला दुसरं माहीत नाही.

आमची गल्ली तू पाहिलेली नाहीस. वीसेक घरं, दिवा नाही, गटार नाही, पावसाळ्यात गुडघाभर चिखल. गल्ली खासगी, म्हणून म्युनिसिपालिटी हात लावत नाही. ती म्हणते, आधी तुमची तुम्ही खडी टाका, गटार काढा, तोंडाशी रुंदी वाढवा, मग आम्ही ताब्यात घेऊ आणि दिवे लावू. त्यासाठी ‘गल्ली सुधारणा मंडळ’ निघालंय. श्यामसुंदरराव म्हणून पोस्टातले निवृत्त हेडक्लार्क आहेत, ते अध्यक्ष. आमचे हे चिटणीस. ऑफिसात दिवसभर लिहून यांचं पोट भरत नाही, म्हणून संध्याकाळी मंडळाचे ठराव लिहीत बसतात. बायकांची आघाडी श्यामसुंदररावांच्या जयंतीबाईंकडे.

जयंतीबाईंनी यंदाच्या संक्रांतीला फर्मान काढलं की वाण लुटायचं नाही, वाणाचे पैसे गल्लीला द्यायचे. मला पटलं. गेल्या वर्षी मी शेजारच्या कुंदाला दिलेला कुंकवाचा करंडा चार घरं फिरून माझ्याच ओटीत पडला होता. हळदीकुंकू झकास झालं, सगळ्या सवाष्णी झाडून आल्या, आणि रथसप्तमीला आनंदमेळा भरवायचंही ठरलं. पैशांचं जमेल असं दिसतंय. अडलंय ते जागेचं.

गल्लीच्या तोंडाशी जानकीबाई राहतात. मालवणकडच्याच. नवरा गिरणीत होता. मुलुंडात नुसतं गवत होतं तेव्हा त्याने ही कोपऱ्यावरची जागा घेतली. तो वारून पुष्कळ वर्षं झाली, मूलबाळ नाही. बाई गावाहून आमसुलं आणि कुळीथ मागवून विकतात. त्यांच्या आवाराला आपल्याकडे असतो तसा गडगा आहे, दगडावर दगड रचलेला, मधे चुना ना माती. तो नेमका गल्लीच्या तोंडात पुढे आलाय. टांगा वळतच नाही. त्यामुळे गेल्या श्रावणात काय झालं ते तुला ठाऊक आहे, मी पुन्हा लिहीत नाही.

मंडळी त्यांच्याकडे गेली. भाव बोलली. बाई म्हणाल्या, “माका जागा इकूची नाय.” मग श्यामसुंदरराव म्हणाले, संगमरवरी पाटी लावू, तुमच्या यजमानांचं नाव कोरू. त्यावर बाई म्हणाल्या, “इचारून सांगतंय.”

झालं. त्याला महिना होऊन गेला. विचारणार कुणाला? घरात चिटपाखरू नाही. लवू म्हणून एक पुतण्या भांडुपला कारखान्यात आहे, पण तो चप्पल घ्यायची तरी काकूला विचारून घेतो. कुंदा म्हणते, गडग्याखाली सोनं पुरलंय. हे म्हणतात, कुणा शेठजीशी आतून सौदा चाललाय. मला यातलं काहीच पटत नाही. तुला काय वाटतं?

तुझी,
वसुधा


मालवण, २६ जानेवारी १९५५

चि. सौ. वसुधास अनेक आशीर्वाद.

भुगा मिळाला. दुधात घालून खाल्ला.

तुझं पत्र वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल डाळ करपली आणि जाऊबाईंनी टोमणा मारला तो वेगळाच. सोनंबिनं काही नाही गं, गिरणीतल्या माणसाकडे सोनं असतं तर तो गिरणीत कशाला गेला असता? शेठजीचंही खरं नव्हे. जिला विकायचीच नाही ती सौदा कसला करणार?

मला विचारशील तर यात कोडं म्हणून काही नाहीच. सगळ्या सवाष्णी झाडून आल्या असं तू मोठ्या आनंदाने लिहिलंस. जानकीबाईंच्या हातावर कुणी तिळगुळाचा दाणा तरी ठेवला का? हळदीकुंकवाला त्यांचं दार वगळायचं आणि जागा मागायला त्याच दारात जाऊन बसायचं! वीस घरांतल्या एकीलाही यात काही खटकलं नाही? मी अठरा वर्षं वगळली जाते आहे, म्हणून मला पहिल्या वाचनातच दिसलं. बाईला राग आलाय, दुसरं काही नाही. मेळ्याला तू स्वतः जाऊन आमंत्रण दे, मग बघ.

आणि गुळाचा वास नको झाला म्हणतेस. गुळाच्या ढेपेला मुंगीसारखी चिकटणारी पोर तू! मला समजायचं ते समजलं. तुझ्या तोंडून कधी ऐकायला मिळतंय याची वाट पाहते. जिना चढउतार करू नकोस.

तुझी,
माईआत्या


मुलुंड, ८ फेब्रुवारी १९५५

ती. माईआत्यास सा. न.

तुझं नाक तिखट आहे बाई! होय, आहे. तिसरा सरून चौथा लागला. गेल्या वेळी फार लवकर सगळ्यांना सांगितलं म्हणून या वेळी भीतीने कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणतात, श्रावणात. म्हणजे पुन्हा पावसातच. गेल्या वेळी खुर्चीत बसवून, चिखल तुडवत मला मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं आणि टांगा गडग्यापलीकडे नुसता उभा होता. सातव्या महिन्यातलं पोर गेलं ते कशाने गेलं कोण जाणे, डॉक्टरांनी गल्लीचं नाव घेतलं नाही. पण मला रात्रंदिवस तो गडगाच दिसतो. पावसाआधी तो मागे सरकला नाही तर माझा धीर सुटेल. हे मी यांनासुद्धा बोलले नाही, तुलाच लिहितेय.

आता तुझ्या तर्काचं ऐक. तो साफ चुकला! मी आमंत्रण घेऊन गेले. बाईंनी ओटीवर बसवलं, कोकमाचं सरबत दिलं. मी म्हटलं, मेळ्यात हळदीकुंकूही आहे, तुम्ही यायचंच. तर हसायलाच लागल्या. “थंय माजा काय काम, बाये? तुमका जागा व्हयी म्हणान आता बोलवतास.” मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बोलल्या ते खरंच होतं ना! रागावल्या मात्र मुळीच नव्हत्या. उलट माझ्याकडे निरखून पाहिलं आणि हळूच विचारलं, “कितवो म्हयनो?” या गल्लीत हे ओळखणाऱ्या त्या पहिल्याच.

धीर करून मी विचारलं, जागेचं तुम्ही कुणाला विचारणार आहात? म्हणाल्या, “शिमग्याक लवू गावाक जाता. तो इलो की सांगतंय.” म्हणजे विचारायचं माणूस गावात आहे! त्यांचं गाव खालची कुंभेरी. तुझ्यापासून किती लांब गं? तिथे त्यांचा दीर आहे की गडग्याचा खरा मालक कुणी दुसराच आहे?

मेळा छान झाला. जयंतीबाईंचे कांदेपोहे हातोहात संपले. हे दाढी लावून भविष्यवेत्ते झाले होते आणि कुंदाच्या नवऱ्याला परदेशगमनाचा योग सांगून बसले. तो दुसऱ्याच दिवसापासून पासपोर्टची चौकशी करतोय.

तुझी,
वसुधा

ता. क. : ती. माईआत्यांस विद्याधरचा नमस्कार. वरचे पत्र घडी घालून झाकून वसुधाने मला एवढीच जागा दिली आहे. वसुधा म्हणते की आपण चौकशीच्या कामात पोलिसांनाही हार जाणार नाही. खालच्या कुंभेरीस कुणाच्या तरी कानावर घालून प्रस्तुत जागेबाबत निर्णयाचा अधिकार कोणास आहे एवढे कळवल्यास मंडळ ऋणी राहील. अक्षय्य तृतीयेस रस्त्याचा शुभारंभ योजला आहे. गोरेगावच्या स्टुडिओतला एक नट प्रमुख पाहुणा म्हणून ठरला आहे. जागा न मिळाल्यास आमची पुरती वाट लागेल.


मालवण, १९ मार्च १९५५

चि. सौ. वसुधास अनेक आशीर्वाद. चि. विद्याधररावांसही.

कुणाच्या कानावर घालतेय मी? स्वतःच गेले. जाऊबाईंना सांगितलं, नवस फेडायचाय. अर्ध्या वाटेपर्यंत सर्व्हिस मोटार आणि पुढे पायी. या वयात तेवढं चालून माझे गुडघे बोलायला लागलेत, पण तुमच्या मंडळाचं ऋण काय ते मला फेडून घ्यायचंय.

कुंभेरीत दीर नाही, मालकही नाही. जानकीबाईंच्या घराचा नुसता चौथरा उरलाय. विचारत विचारत सातेरी देवीच्या देवळाशी पोचले. तिथे धाकू गुरव अंगण झाडत होता. त्याला जानकीबाईंचं नाव सांगितलं मात्र, आणि तो म्हणाला, “ती मुंबैवाली? तिचो कौल शिमग्याक लावलो मा!”

कपाळावर हात मारून घे. मीही घेतला. मालवणात वाढलीस आणि ‘विचारून सांगते’ म्हणजे कुणाला, हे तुला सुचू नये! आणि इथे जन्म काढून मलाही नाही, हे त्याहून वाईट. तुझे आतोबा शाळामास्तर, देवाला पाकळ्या चिकटवून सल्ला घेतात म्हणून लोकांना हसायचे, त्यांच्याबरोबर आपणही हसायला शिकलो. जमिनीचं काहीही करायचं तर इथला माणूस आधी देवीला विचारतो. ओल्या पाकळ्या मूर्तीच्या दोन्ही अंगांना लावायच्या, गुरवाने देवीपुढे गाऱ्हाणं घालून प्रश्न मांडायचा, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. बाईंनी लवूला त्यासाठीच धाडलं होतं.

मी विचारलं, कौलात काय मागितलं हे मला सांगशील का? म्हणाला, “कौल काय चोरून लावतत? सगळ्या गावान आयकला.” मग त्याने लवूने आणलेला निरोप जसाच्या तसा म्हणून दाखवला. तो मी तुला तसाच लिहिते. “माज्या गडग्याकडे एका पोरीची वाट अडली आणि तिचा पोर गेला. आता लोक जागा मागतत. दिवची की नको?”

वसू, मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. तू गडग्याकडे पाहत रात्री काढतेस, आणि गडग्याच्या आत ती बाईही तेच करत होती. तिला तुझ्या मंडळाचा राग नव्हता, पाटीही नको होती. ती तुझ्यासाठी देवीला विचारत होती.

आता पुढचं ऐक, ते जास्त महत्त्वाचं आहे. देवीने उजवी दिली. म्हणजे शिमग्यापासून बाईंचा होकार तयार आहे. सांगितला असता तर तू तारच केली असतीस. मग अजून गप्प का? मी हेच धाकूला विचारलं. तो म्हणाला, त्यांच्या गावची रीत अशी की वाटेला जागा विकत नाहीत, देतात. आणि जो देतो त्याला वाटेचा पहिला नारळ फोडायचा मान. पालखीची वाट अशीच झाली, त्याचा नारळ अजून एका घराण्याकडे चालतो. मी म्हटलं, अरे मग तिने सरळ सांगायचं की मला मान द्या. तर माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी. “मान मागान घेवचो नसता, बाय. दिल्यार घेवचो.”

तेव्हा मंडळाने जावं, नारळ-सुपारी घेऊन रीतसर विचारावं आणि पहिला नारळ त्यांना द्यावा. नटाला म्हणावं, तू दुसरा फोड.

तुझी,
माईआत्या


मुलुंड, ३ एप्रिल १९५५

ती. माईआत्यास सा. न.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले. मग यांना वाचून दाखवलं. हे ठरावांची वही मिटून उठले. म्हणाले, “आपण बाईंना भाव सांगत होतो गं.”

सोपं काम आहे असं आम्हां दोघांना वाटलं होतं. रविवारी मंडळाची सभा श्यामसुंदररावांच्या गच्चीवर झाली. ह्यांनी सगळं सांगितलं. आधी सगळे हळहळले. पण पहिला नारळ म्हटल्याबरोबर गप्प! श्यामसुंदरराव म्हणाले, “नटाचं नाव हँडबिलावर छापून झालंय, अरे विद्याधर, आता काय करायचं?” ते परवडलं. जयंतीबाईंनी खरं बोलून टाकलं. “शुभकार्याला पहिला नारळ तिच्या हातून? आणि तोही गल्लीत गरोदर बाई असताना? वसुधाचाच विचार करा ना! एकदा पोळलीय बिचारी.”

मला ते सहनच झालं नाही, आत्या. माझं नाव पुढे करून त्या बाईला बाजूला सारायचं! मी उठले आणि म्हटलं, “माझी पहिली ओटी तुम्हीच भरली होतीत, जयंतीबाई. पाच सवाष्णी होत्या. राहिलं का माझं पोर?”

बोलले आणि जीभ चावली. जयंतीबाई उठून खाली गेल्या. सभा तशीच मोडली.

दुसऱ्या दिवशी मी माफी मागायला गेले. जयंतीबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “तू बोललीस ते मी श्रावणापासून रोज स्वतःला बोलतेय. त्यानंतर मी कुणाची ओटी पहिली भरलेली नाही. काही ना काही निमित्त काढते.” मी त्यांच्याजवळ बसले. आम्ही दोघींनी मिळून सगळे तांदूळ निवडले, गरज नव्हती तरी दुसऱ्यांदा निवडले. उठताना त्या म्हणाल्या, “नारळ तिलाच फोडू दे. मी यांना सांगते.”

काल संध्याकाळी मंडळी पुन्हा गेली. या वेळी मीही होते. यांनी ओटीवर नारळ, सुपारी आणि विडा ठेवला आणि म्हणाले, “जानकीबाई, गल्लीला वाट द्या. पहिल्या नारळाचा मान तुमचा.” बाई नारळाकडे पाहतच राहिल्या. मग त्यांनी मला विचारलं, “कोणी सांगितला तुका?” मी म्हटलं, माझी आत्या कुंभेरीला जाऊन आली. “पायी?” म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी नारळ उचलून कपाळाला लावला आणि एवढंच म्हणाल्या, “घेवा जागा.”

गल्लीत अजून कुजबूज आहे. कुंदा म्हणते, तू त्या वेळी समोर थांबू नकोस. सासूबाईंच्या मनात काय आहे ते कळत नाही. पण गडगा हलणार, आत्या!

तुझी,
वसुधा


मालवण, ११ एप्रिल १९५५

चि. सौ. वसुधास अनेक आशीर्वाद.

वाचून फार समाधान वाटलं. जयंतीबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांच्याबद्दल मी मनात बरंवाईट बोलले होते, ते परत घेते.

आता एक सांगते ते ऐक, आणि कारण विचारू नकोस. नारळ फुटेल तेव्हा तू घरात बस. मागाहून ये, प्रसाद घे, काय हवं ते कर. कुंदा म्हणते ते अगदीच टाकाऊ नाही. तुझा एक जीव नाही, दोन आहेत.

फिरू नकोस फार. आमसुलाचं सार घेत जा.

तुझी,
माईआत्या


मुलुंड, २७ एप्रिल १९५५

ती. माईआत्यास सा. न.

तुझं ऐकलं नाही. रागाव हवं तर.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीच लवू भांडुपहून चौघांना घेऊन आला. पहिला दगड जानकीबाईंनी स्वतः उचलला आणि कुणाच्या हातात न देता मागे नेऊन ठेवला. मग सगळी गल्ली कामाला लागली. श्यामसुंदररावांनी कोट काढून ठेवला, हे दोन दगड उचलून पाठ धरून बसले. संध्याकाळपर्यंत गडगा मागे सरकून पुन्हा रचूनही झाला. गल्लीचं तोंड एवढं मोकळं दिसायला लागलं की मी उगीचच दोनदा मोठ्या रस्त्यापर्यंत जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जमले. मी घरातच बसणार होते, खरंच. तुझं पत्र उशाशी होतं. तेवढ्यात सासूबाई लुगडं बदलून आल्या आणि म्हणाल्या, “चल.” मी म्हटलं, आत्या नको म्हणतेय. तर म्हणतात, “तुझी आत्या लांब बसून घाबरतेय. मी जवळ असून घाबरतेय. तरी चल. तुझ्यासाठी जागा देणारी तिथे उभी असताना तू घरात लपलीस तर मला बरं वाटणार नाही.” आत्या, ह्या बाईला मी पाच वर्षं ओळखत नव्हते.

जयंतीबाईंनी ताट धरलं होतं. जानकीबाई नवं पांढरं पातळ नेसून आल्या होत्या. नारळ हातात घेऊन त्यांनी आधी मला शोधलं, पाहिलं, मग गाऱ्हाणं घातलं. काय म्हणाल्या ते सगळं नाही कळलं. शेवटचं तेवढं कळलं, “ह्या वाटेन जो जायत तो सुखरूप परत येऊ दे, म्हाराजा.” भांडुपची मंडळी “होय म्हाराजा” म्हणाली, आणि त्यांच्यामागोमाग श्यामसुंदररावही! एका फटक्यात नारळाची दोन भकलं झाली. मी समोरच उभी होते आणि मला काहीसुद्धा झालं नाही. आत खूप दिवसांत नव्हतं तेवढं स्वस्थ वाटलं.

नट दुपारी आला. शूटिंगमधून थेट आला म्हणे, कानामागे रंग तसाच होता. तोवर खडीचे ढीग पडले होते आणि मंडळी आंब्याचं पन्हं पिऊन पांगली होती. त्याने फीत कापली, कुंदाने सही घेतली.

आता खरं काम. पंधरा मेला, रविवारी, माझं डोहाळजेवण करायचं ठरलंय. सासूबाईंनी विचारलं, पहिली ओटी कुणी भरायची? मी म्हटलं, माझ्या माईआत्याने. आईबाप गेल्यावर जिने मला वाढवलं, लग्नात जी मागल्या खोलीत बसून राहिली आणि मी तिला ‘बाहेर ये’ म्हटलं नाही, तिने. तेव्हा मला कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कळत होतं. सासूबाई म्हणाल्या, “पावसामुळे बोटी बंद व्हायच्या आत बोलाव.”

तर हे आमंत्रण. तू मागितलेलं नाहीस, म्हणून देते. ये.

तुझी,
वसुधा


मालवण, ५ मे १९५५

चि. सौ. वसुधास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन चार दिवस झाले. उत्तर लिहायला बसले की हात अडायचा. म्हटलं खरं सांगावं. दुसऱ्याच्या मानासाठी मी कुंभेरीपर्यंत पाय तोडत गेले, आणि माझ्यावर वेळ आली तशी माझी पाचावर धारण बसली. तुला घरात बस म्हणून लिहिलं तेव्हाच मला हे कळलं होतं. ज्या हातांनी तुला न्हाऊ-माखू घातलं त्याच हातांची मला भीती वाटते गं. देव न करो, पण या वेळी काही झालं तर लोक मला बोलतील याचं मला काही नाही. मीच मला सोडणार नाही. जयंतीबाई तर सवाष्ण आहेत. त्यांची ती गत झाली, मग माझी काय होईल?

चार रात्री असा विचार केला आणि पाचव्या दिवशी उठून पुन्हा कुंभेरीला गेले. होय, कौल लावायला. तुझे आतोबा असते तर पोट धरधरून हसले असते.

धाकूने मला ओळखलं. आंघोळ करून पाकळ्या लावल्या. विचारलं, काय मागूचा असा? मी म्हटलं, भाचीची पहिली ओटी मी भरू का? त्याने माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिलं आणि तो गाऱ्हाणं घालायला लागला. मी हात जोडून उभी. गाभाऱ्यात वारा नव्हता. मी दोन्ही पाकळ्यांकडे बघत होते, आणि बघता बघता माझ्या मनात आलं, डावी पडली तर मी काय करणार? तुला नाही म्हणून कळवणार? तू त्या दिवशी पाटावर बसून दाराकडे बघशील आणि दुसरं कुणी पुढे होईल, ते मला चालेल? मला ते चालणार नव्हतं, वसू. देवीने सांगितलं तरी चालणार नव्हतं. मग मी तिला विचारत कशाला होते?

मी नमस्कार केला आणि तशीच मागे फिरले. पायऱ्या उतरले तोवर मागून धाकूच्या हाका यायला लागल्या, “बाय, कौल झालो! आयकान तरी जावा!” मी थांबले नाही.

मंगळवारच्या बोटीचं तिकीट काढलंय. विद्याधररावांना धक्क्यावर पाठव. ओटी मी भरणार.

तुझी,
माईआत्या